विश्लेषण : स्वयंपुनर्विकासात सर्वात कमी रकमेची निविदाच महाग का पडते?

विकासकाशिवाय स्वतःच इमारत बांधायची, असे ठरवणाऱ्या गृहनिर्माण सोसायट्या मुंबई, ठाणे, पुण्यात वाढत आहेत. आराखडे तयार होतात, कर्जाची बोलणी सुरू होतात आणि मग कंत्राटदार नेमण्याची वेळ येते. या टप्प्यावर सभेत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘चौरस फुटाला किती पडेल?’ तीन-चार निविदा येतात, सर्वात कमी रकमेची निवडली जाते. वर्षभरात जादा बिलांची रांग लागते आणि ठरलेली रक्कम मागे पडते. यात दर वेळी कंत्राटदाराची लबाडीच असते असे नाही. बहुतेकदा चूक निविदा निघण्यापूर्वीच, अंदाजपत्रकात झालेली असते. हे अंदाजपत्रक कसे तयार होते आणि सभासदांनी त्यात काय पाहावे, याचा हा आढावा.

निविदेचे अंदाजपत्रक म्हणजे काय?

दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. प्रकल्प खर्चात सगळेच येते : महापालिकेचे अधिमूल्य व शुल्क, टीडीआर, वास्तुविशारद आणि सल्लागारांची फी, सभासदांचे भाडे, मुद्रांक शुल्क, कर्जावरील व्याज. निविदेचे अंदाजपत्रक मात्र फक्त बांधकामाचे असते. जुनी इमारत पाडण्यापासून नव्या इमारतीची चावी हातात येईपर्यंत कंत्राटदाराने करायची प्रत्येक बाब, तिचे परिमाण, एकक, दर आणि रक्कम त्यात मांडलेली असते. या तक्त्याला बांधकाम क्षेत्रात ‘बीओक्यू’ म्हणतात.

सोसायटीच्या सल्लागाराने हा तक्ता दोन प्रतींत तयार करायचा असतो. एका प्रतीत दर भरलेले असतात. ती सोसायटीकडे बंद राहते आणि आलेल्या निविदा रास्त आहेत का, हे तिच्यावरून तपासता येते. दुसऱ्या प्रतीत दराचा रकाना कोरा असतो. ती कंत्राटदारांना दिली जाते. सर्वांनी एकाच तक्त्यात दर भरले तरच तुलना करता येते. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीचे कोटेशन दिले, तर तुलना करण्यासारखे हातात काहीच उरत नाही.

चौरस फुटाचा दर पुरेसा का नाही?

उदाहरणासाठी २४ सदनिकांची सोसायटी घेऊ. (पुढील सर्व दर आणि परिमाणे हिशेब समजावा म्हणून धरलेली आहेत.) प्रत्येक सदनिकेचे चटई क्षेत्र ७५० चौरस फूट, म्हणजे एकूण १८ हजार चौरस फूट. पण बांधावे लागते त्याहून बरेच जास्त. जिना, लिफ्ट, लॉबी, बाहेरच्या भिंती, पार्किंगचा मजला, पाण्याच्या टाक्या, पंपघर धरून प्रत्यक्ष बांधकाम ३० हजार चौरस फुटांवर जाते.

आता एका कंत्राटदाराने २,५०० रुपये चौरस फूट असा दर दिला. तो चटई क्षेत्रावर असेल तर बांधकाम साडेचार कोटींचे, एकूण बांधकाम क्षेत्रावर असेल तर साडेसात कोटींचे. दर एकच, फरक तीन कोटींचा.

२०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली आहे. सदनिकेतील वापरायोग्य जागा आणि आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, त्या सदनिकेची बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाहीत. ही व्याख्या घर विकताना आणि घेताना उपयोगी आहे. बांधकामाची निविदा मात्र या क्षेत्रावर चालत नाही, कारण कंत्राटदाराला बाहेरची भिंतही बांधायची असते. चौरस फुटाचा दर सुरुवातीचा ढोबळ अंदाज घेण्यापुरता ठीक. करार करायचा तर मोजमापच हवे.

परिमाणे कशी काढतात?

वास्तुविशारदाचे आराखडे आणि संरचना अभियंत्याचे आरसीसी आराखडे समोर ठेवून प्रत्येक बाब मोजली जाते. खोदाई, पीसीसी आणि काँक्रीट घनमीटरमध्ये, सेंट्रिंग, गिलावा, लादी आणि रंग चौरस मीटरमध्ये, सळई किलोत, पाइप मीटरमध्ये, दारे आणि नळ नगात. साइटवर वाळू-खडीचा हिशेब अजूनही ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांनी होतो. निविदेत मात्र सगळी एकके एकाच पद्धतीची हवीत.

मोजायचे कसे, याचेही नियम आहेत. भारतीय मानक आयएस १२०० हे बांधकामाच्या मोजमापाचे मानक असून त्याचे कामानुसार वेगवेगळे भाग आहेत. ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ हे एक वाक्य निविदेत नसेल, तर पुढे प्रत्येक बिलावर वाद होतो.

एका भिंतीचे उदाहरण घ्या. लांबी ४ मीटर, बीमखालची उंची २.६ मीटर, म्हणजे एका बाजूचे क्षेत्रफळ १०.४ चौरस मीटर. तिच्यात ०.९ बाय २.१ मीटरचे दार, म्हणजे १.८९ चौरस मीटरची मोकळी जागा. दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा करायचा आहे. तो किती धरायचा?

दार वजाच केले नाही, तर २०.८ चौरस मीटर. दोन्ही बाजूंनी वजा केले, तर १७.०२. मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे झरोके वजा करायचे नाहीत. अर्ध्या ते तीन चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीसाठी, दोन्ही बाजूंचा गिलावा सारखा असेल तर, एकाच बाजूची वजावट करायची. दाराच्या कडांच्या गिलाव्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत, ते या सवलतीत धरलेले असतात. म्हणजे योग्य उत्तर १८.९१ चौरस मीटर. भिंत एक आणि उत्तरे तीन. इमारतीत अशा शेकडो भिंती असतात.

अंदाज सर्वाधिक कुठे चुकतो?

जमिनीखाली आणि सळईत.

पुण्यात काय किंवा मुंबईच्या अनेक भागांत काय, वर माती किंवा भराव, मग मुरूम, मग मऊ खडक आणि त्याखाली कठीण काळा खडक असे थर लागतात. मुरूम जेसीबीने निघतो. कठीण खडकाला ब्रेकर लावावा लागतो, म्हणून त्याचा दर कित्येक पट असतो. खडक किती खोलीवर लागेल हे बोअर घेऊन केलेल्या भूस्तर तपासणीतूनच कळते. तपासणीचा खर्च वाचवून ‘बाजूच्या इमारतीला दहा फुटांवर लागला होता’ या ऐकीव माहितीवर परिमाण टाकले, की पहिले जादा बिल पायाच्या खड्ड्यातूनच वर येते. पावसाळ्यात खड्ड्यात साचणारे पाणी उपसण्याची बाब तर अनेक तक्त्यांत नसतेच.

दुसरी जागा सळईची. सळईचे वजन काढण्याचे सूत्र प्रत्येक सुपरवायझरला पाठ असते : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो भरते, १६ मिलिमीटरची १.५८ किलो. सूत्र सोपे आहे, पण लांबी मोजायला आरसीसी आराखडे हवेत. ते तयार नसताना निविदा काढली, तर सल्लागार घनमीटरमागे अमुक किलो असा ठोकताळा लावतो.

आपल्या उदाहरणातील इमारतीत १,००० घनमीटर काँक्रीट आहे असे समजू. ठोकताळा घनमीटरला १२० किलोचा लावला आणि भूकंपरोधक मानकांनुसार सविस्तर आराखडे झाल्यावर गरज १४० किलोची निघाली. वीस किलोंचा हा फरक म्हणजे २० टन सळई. बांधून बसवण्यासह ७० रुपये किलो दर धरला तर १४ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १६ लाख ५२ हजार. चोवीस घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ६९ हजार रुपये. यात कोणी कोणाला फसवलेले नाही, फक्त निविदा काढायची घाई झाली.

दर कसा ठरतो?

प्रत्येक बाबीच्या दरामागे एक छोटा हिशेब असतो, त्याला दर पृथक्करण म्हणतात. साहित्य, त्याची नासधूस, मजुरी, यंत्रे, वाहतूक, पाणी-वीज आणि शेवटी कंत्राटदाराचा वरखर्च व नफा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पृथक्करणात वरखर्च आणि नफ्यासाठी मिळून १५ टक्के धरले जातात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूचीही असते. खासगी कामाला ती बंधनकारक नाही, पण तपासणीसाठी उपयोगी आहे. तिच्याशी ताडून पाहताना दर कोणत्या वर्षाचा आहे, हे आधी पाहावे.

बाबीचे वर्णनही दराइतकेच महत्त्वाचे. ‘स्लॅबचे एम २५ काँक्रीट’ एवढेच लिहिले, तर त्यात सेंट्रिंग धरले आहे का? पंपाने वर चढवणे, व्हायब्रेटर, पाणी मारणे? एक कंत्राटदार धरतो, दुसरा धरत नाही आणि दुसऱ्याची निविदा स्वस्त दिसते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे तसेच. ब्रिकबॅट कोबा करायचा की रासायनिक थर द्यायचा, किती जाडीचा, पाणी भरून किती दिवस चाचणी घ्यायची, हमी किती वर्षांची, हे वर्णनातच हवे.

टाइल्स, नळ आणि बाथरूमच्या वस्तूंसाठी मूळ खरेदी दर लिहून देण्याची पद्धत चांगली. टाइल्सचा खरेदी दर चौरस फुटाला ६० रुपये असा निविदेत लिहिला, की सगळे कंत्राटदार तोच धरतात. पुढे सभासदांनी ७५ रुपयांची टाइल निवडली, तर १५ रुपयांचा आणि त्यावरील कराचा फरक द्यायचा. वाद तिथेच मिटतो. ‘चांगल्या कंपनीच्या टाइल्स’ असे लिहिणे मात्र भांडणाला आमंत्रण ठरते.

दरांचा डाव कसा खेळला जातो?

अनुभवी कंत्राटदार तक्ता हातात येताच कोणते परिमाण चुकले आहे, हे ओळखतो. मग जे वाढणार त्याला चढा दर आणि जे घटणार त्याला पडेल दर भरतो. एकूण बेरीज कमीच दिसते.

समजा, तक्त्यात मुरमाची खोदाई १,१०० घनमीटर आणि कठीण खडकाची १०० घनमीटर आहे. पहिल्या कंत्राटदाराने मुरमाला २०० आणि खडकाला २,५०० रुपये दर भरला. बेरीज ४ लाख ७० हजार. दुसऱ्याने ३०० आणि १,५०० भरले. बेरीज ४ लाख ८० हजार. पहिला दहा हजारांनी स्वस्त.

खोदाई झाल्यावर कळले की मुरूम ६०० आणि खडकही ६०० घनमीटर आहे. पहिल्याचे बिल होते १६ लाख २० हजार, दुसऱ्याचे झाले असते १० लाख ८० हजार. दहा हजारांची बचत सोसायटीला ५ लाख ४० हजारांना पडली.

यावर उपाय दोन. परिमाणे नीट काढणे हा पहिला. करारातच ‘एखाद्या बाबीचे परिमाण ठरावीक टक्क्यांहून जास्त वाढले तर वाढीव भागाचा दर पृथक्करणाने नव्याने ठरवला जाईल’ अशी अट घालणे हा दुसरा. जादा बाबींचे दर कसे ठरतील आणि ते काम सुरू होण्यापूर्वी कोणाची लेखी मंजुरी लागेल, हेही तिथेच लिहावे.

‘कर वेगळा’ म्हणजे किती?

निविदेच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असे लिहिलेले असते. खासगी बांधकाम कंत्राटावर सर्वसाधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. साडेसात कोटींच्या कामावर तो १ कोटी ३५ लाख होतो. बांधकाम सुरू असलेल्या घरांच्या विक्रीवर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांवर १ टक्का, असा दर आहे. पण त्यात इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे कंत्राटदाराला दिलेला कर वसूल होईल असे धरून चालू नये, तो खर्चातच टाकावा आणि कर सल्लागाराचे लेखी मत घ्यावे.

सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या दरांवर केलेली अंदाजपत्रके तशीच वापरली जात असतील, तर ती पुन्हा तपासायला हवीत. याशिवाय बांधकाम कामगार कल्याण उपकर म्हणून बांधकाम खर्चाच्या १ टक्का रक्कम भरावी लागते. ती कोणी भरायची, कामाचा विमा कोणाचा, साइटवरील पाणी आणि विजेचे बिल कोणाचे, हे निविदेतच स्पष्ट असावे.

भाववाढीचेही तसेच. दोन वर्षांच्या कामात सळई आणि सिमेंटचे भाव एकाच जागी राहत नाहीत. ‘दर शेवटपर्यंत स्थिर’ ही अट ऐकायला बरी वाटते, पण कंत्राटदार तो धोका दरात आधीच मिसळतो किंवा भाव चढल्यावर काम थांबवतो. त्यापेक्षा निविदेच्या दिवशीचा सळई व सिमेंटचा मूळ दर नोंदवून ठरावीक मर्यादेपलीकडची वाढ-घट दोन्ही बाजूंनी द्यायची-घ्यायची, ही पद्धत जास्त व्यवहार्य आहे. भाव उतरले तर फायदा सोसायटीलाही मिळतो.

वेळ आणि दोष यांची किंमत कोण मोजतो?

विकासक असताना भाडे तो देतो. स्वयंपुनर्विकासात ते प्रकल्पातूनच, म्हणजे शेवटी सभासदांच्याच पैशातून जाते. चोवीस कुटुंबांचे महिना २५ हजार रुपयांप्रमाणे भाडे धरले, तर महिन्याला सहा लाख. तीन महिने उशीर म्हणजे १८ लाख, कर्जाचे व्याज वेगळे. मग १५ लाखांनी स्वस्त पण मनुष्यबळ अपुरे असलेला कंत्राटदार खरेच स्वस्त आहे का, हा साधा हिशेब निविदांच्या तुलनेत यायला हवा. दिरंगाईची भरपाई किती, पावसाळ्याचे दिवस मुदतीत धरले आहेत की नाहीत, हेही आधीच ठरवावे.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. सोसायटी काही सदनिका विकून पैसा उभारणार असेल आणि प्रकल्प रेराच्या नोंदणीखाली येत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने सोसायटीच प्रवर्तक ठरते. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ती जमीन आणि बांधकामावरच खर्च करावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर तो स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारीही प्रवर्तकाची. अनेक निविदांमध्ये कंत्राटदाराचा दोष-दायित्व कालावधी मात्र बारा महिन्यांचाच असतो. उरलेल्या चार वर्षांतील गळती कोणाच्या खिशातून दुरुस्त होणार? हे अंतर करारात भरून काढायचे असेल, तर त्याची किंमत कंत्राटदार दरात धरणारच. म्हणून ही अट निविदा मागवतानाच घालावी, नंतर नाही.

सभासदांनी काय विचारावे?

राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली आहे, तर १३ सप्टेंबर २०१९ चा शासन निर्णय स्वयंपुनर्विकासासंबंधी आहे. सल्लागाराची नेमणूक आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी यांना या प्रक्रियेत महत्त्व आहे. पण सभेत हात वर करण्यापूर्वी अभियंता नसलेल्या सभासदालाही पुढील प्रश्न विचारता येतात :

• आरसीसी आराखडे आणि भूस्तर तपासणी अहवाल निविदेपूर्वी तयार होते का?

• परिमाणांची मोजमाप पत्रके पाहायला मिळतील का? दुसऱ्या अभियंत्याने ती तपासली आहेत का?

• सर्व कंत्राटदारांनी एकाच तक्त्यात दर भरले आहेत का? कोणी स्वतःच्या अटी जोडल्या आहेत का, आणि त्यांची किंमत तुलनेत धरली आहे का?

• काँक्रीट, सळई, सेंट्रिंग, खोदाई आणि वॉटरप्रूफिंग या बाबींचे दर आपल्या बंद अंदाजपत्रकापेक्षा फार वर किंवा फार खाली आहेत का? असतील तर पृथक्करण मागितले का?

• परिमाणे थोडी बदलली तर सर्वात कमी रकमेची निविदा तीच राहते का?

• कर, उपकर, विमा, पाणी-वीज आणि पाच वर्षांची दोष दुरुस्ती धरून अंतिम आकडा किती?

• आकस्मिक खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे का, आणि ती वापरण्याचा अधिकार कोणाला?

यातील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील, तर निविदा उघडण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलावी. उदाहरणातील सोसायटीला त्या महिन्यासाठी सहा लाखांचे भाडेही पडणार नाही, कारण सभासद तोवर स्वतःच्याच घरात राहत असतात. इमारत रिकामी करून पाडकाम सुरू झाल्यावर चूक कळली, तर ही सोय उरत नाही.